मग खाली कोण?

"मग माझं राहिलंय काय, ते तरी सांगा ना, नाखवा!"

यशोधन असा ओरडला तेव्हा मी सोलकढीसाठी नारळ खवत बसलो होतो. हरबा नाखवा मधल्या डोलकाठीखाली आपल्या स्टुलावर बसले होते. डोळे वर. त्यांचे डोळे कायम वरच असतात.

"सगळ्या गाठी येतात मला," यशोधन म्हणाला. "शीड सोडता येतं, बांधता येतं. वर तर मी तुमच्या खलाशांच्या आधी पोचतो. बाबलकाका, खोटं बोलतोय का मी?"

"नाही बाबा," मी म्हटलं. "चढतोस झकास."

"मग पाहुण्यांना वर न्यायची परवानगी मला का नाही? दोन वर्षं झाली, नाखवा…"

"बसायला शिकला नाहीस," नाखवा म्हणाले.

"कुठे बसायला?"

नाखव्यांनी स्टुलाच्या कडेवर दोन बोटं वाजवली.

यशोधनला हसूच आलं. मलाही आलं, खोटं कशाला बोलू. स्टुलावर बसायला काय शिकायचं असतं?

मी बाबल, 'दर्यालक्ष्मी'वरचा आचारी. तीन डोलकाठ्यांचं शिडाचं जहाज, माझ्या आज्याच्या जन्माआधीचं. कौलं आणि लाकूड घेऊन ते किनाऱ्यानं खालीवर करायचं, तेव्हा हरबा नाखवा त्याचे मालिम, म्हणजे जहाज हाकणारे, होते आणि मी चुलीपाशी होतो. आता ते आमच्या खाडीत नांगर टाकून उभं असतं. एका संस्थेनं डागडुजी केली. शनिवार-रविवार लोक लाँचमधून येतात, गाठी बांधायला शिकतात, तोफेपाशी फोटो काढतात, माझी सोलकढी पितात आणि जातात.

यशोधन पुण्याचा. परदेशात शिडाची जहाजं शिकून आला होता आणि तरी म्हणाला, मला हरबा नाखव्यांकडूनच शिकायचंय. पगाराची नोकरी सोडून आला हो पोरगा! पहिलं वर्षभर त्यानं डेक घासला, कुरकुर केली नाही. मग संस्थेनं त्याला कार्यक्रमांचा प्रमुख केलं, आणि तिथून त्याची मान जरा ताठ झाली.

आमच्या जहाजावर एक रीत आहे. ती सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

वर चढणारा दोरशिडीला हात लावतो आणि म्हणतो, "चढतो." खाली बसलेला म्हणतो, "बघतोय." ते ऐकू आल्याशिवाय पाय उचलायचा नाही. आणि एकदा "बघतोय" म्हटलं, की वरचा डेकवर येऊन "उतरलो" म्हणेपर्यंत खालच्यानं नजर काढायची नाही. काय वाट्टेल ते होवो.

एकदा माझ्या चुलीचा भडका उडाला, भर समुद्रात. मी बोंब मारली. नाखव्यांचा एक खलाशी वर होता. नाखवा वर बघतच म्हणाले, "बाबल, तू विझव." मीच विझवली शेवटी. भुवया जळाल्या माझ्या.

"बघून काय होतं पण?" यशोधननं त्या दिवशी विचारलं. "वरून पडलाच कुणी, तर तुम्ही झेलणार आहात?"

"नाही."

"मग? तुम्हाला भीती वाटते का, नाखवा?"

"वर जायचो तेव्हा नव्हती वाटत," नाखवा म्हणाले. "इथे बसायला लागल्यापासून वाटते."

"रोज?"

"कुणी वर असलं की."

यशोधननं माझ्याकडे बघून डोळे मिचकावले. म्हातारा थकला, असं त्याला म्हणायचं होतं. मी पुन्हा नारळ खवायला घेतला.

पुढच्या महिन्यात वारसा दिवस आला.

संस्थेनं पत्रकं छापली. तोफेची सलामी, गाठींची स्पर्धा, जुन्या नाखव्यांचा सत्कार. आणि सगळ्यात वर, मोठ्या अक्षरात, 'डोलकाठीवर चढा!' परवानगी काही कुणी विचारली नव्हती. पत्रक छापून आल्यावर यशोधननं ते नाखव्यांना दाखवलं. त्यांना वाचायला चष्मा लागतो. मी वाचून दाखवलं.

"खाली कोण?" नाखव्यांनी विचारलं.

"तेच तर सांगतोय! तुमची रीतच आपण लोकांना दाखवणार आहोत. मुलगा ओरडणार 'चढतो', आणि सगळे पाहुणे एका आवाजात ओरडणार 'बघतोय!' शंभर माणसं, नाखवा! तुम्ही एकटे असायचात."

नाखव्यांनी त्याच्याकडे बघितलं. वरून नजर काढून बघितलं.

"मग खाली कोण?" ते पुन्हा म्हणाले.

"अहो, शंभर माणसं म्हटलं ना!"

नाखव्यांनी डोळे पुन्हा वर नेले. मी मध्ये पडायला हवं होतं… नाही पडलो. मला वाटलं, पोरगा एवढा राबतोय, म्हाताऱ्यानं जरा ढील द्यावी.

त्या दिवशी ऊन मरणाचं होतं. पाहुण्यांना लागू नये म्हणून यशोधननं डेकवर या टोकापासून त्या टोकापर्यंत मांडव घातला, कठड्यालगत दोरशिडीपुरती फट ठेवून. नाखव्यांचं स्टूल उचलून तिथं प्रमुख पाहुण्यांसाठी सोफा ठेवला. नाखव्यांना शाल दिली आणि खाली केबिनमध्ये बसवलं. सत्काराला नाव पुकारलं की वर या म्हणाला. नाखवा शाल मांडीवर घेऊन बसले, शाळेत शिक्षा झालेल्या पोरासारखे.

मी माझ्या नातीला आणलं होतं. वैजू, बारा वर्षांची. तिला चढायचंच होतं. महिनाभर तिनं माझं डोकं खाल्लं होतं. रांगेत उभी राहायला जाताना ती मला म्हणाली, "आजोबा, तुम्ही बघाल ना?"

"बघेन की!" मी म्हटलं. "दुसरं काय काम आहे मला?"

दुसरं काम होतं शंभर पेले सोलकढीचं.

पाच मुलं चढली आणि उतरली. प्रत्येकाच्या कमरेला पट्टा, पट्ट्याला आकडा. आकडा दोरीत अडकवायचा, दोरीला गाठ आली की काढून पुढे अडकवायचा. यशोधन त्यांच्याबरोबर डोलकाठीवरच्या पहिल्या फळीपर्यंत जायचा. मूल ओरडलं "चढतो", की सगळं जहाज गर्जायचं, "बघतोय!" टाळ्या. लाऊडस्पीकरवर ताशा. मजा येत होती, मला पण आली.

सहावी वैजू. तिनं चपला काढून डोलकाठीपाशी नीट जोडून ठेवल्या. दोरशिडीला हात लावला. तेवढ्यात कुणीतरी ओरडलं, प्रमुख पाहुण्यांची लाँच लागली.

यशोधननं तिचा आकडा दोरीत अडकवला. "वैजू, तुला तर सगळं येतं. तू हो पुढे, मी आलोच. सगळे आहेत बघायला."

"चढते!" वैजू ओरडली.

"बघतोय!" शंभर माणसं ओरडली.

मीही ओरडलो. हातात ओगराळं होतं, ते वर करून ओरडलो. मग एका बाईंनी पेला पुढे केला, तो मी भरला.

पाहुणे आले. हार झाले. भाषण सुरू झालं. भाषण लांबलं. मग तोफ उडाली, धूर झाला, पोरं खोकली, हसली. मी पेले भरत राहिलो. किती वेळ गेला ते मला आजही सांगता येत नाही. अर्धा तास असेल. देवाशप्पथ, त्या अर्ध्या तासात माझ्या मनात तिचा विचारही आला नाही.

पेले गोळा करत डोलकाठीपाशी आलो.

चपला तिथंच होत्या.

निळ्या. मीच घेतलेल्या, बाजारातून, एक नंबर मोठ्या, पुढच्या वर्षी पण होतील म्हणून. नीट जोडून ठेवलेल्या.

मी वर बघितलं. वर मांडवाचं कापड होतं. पांढरं, घट्ट ताणलेलं, त्यावर संस्थेचं नाव. मी कठड्याकडे धावलो, बाहेर झुकलो आणि मान वर केली.

पहिल्या फळीच्या दोन हात खाली ती होती. दोन्ही हात दोरीत घुसवून, गाल दोरीला चिकटवून. पट्ट्याचा आकडा मोकळा लोंबत होता. गाठीपाशी तिनं काढला असणार आणि पुन्हा लावायला हात सुटेना. वारा सुटला होता. जहाज इकडे कललं की ती पाण्यावर जायची, तिकडे कललं की डेकवर.

तोंड उघडं होतं तिचं. ती ओरडत होती. लाऊडस्पीकरवर कुणीतरी आपल्या थोर परंपरेवर बोलत होतं.

मी हाक नाही मारली. पेले टाकले आणि खाली केबिनकडे पळालो. जिन्यात पडलो, उठलो.

"ना… नाखवा. वैजू वर…"

नाखव्यांनी पुढचं ऐकलंच नाही. शाल पायात आली, तशीच ओढत ते जिना चढले. शहात्तर वर्षांचा माणूस, एक गुडघा कामातून गेलेला. डेकवर येऊन त्यांनी माईकवाल्याच्या हातातून माईक काढून घेतला आणि खाली ठेवला.

"मांडव काप," मला म्हणाले.

मी सुरीनं दोऱ्या कापल्या. कापड पाहुण्यांच्या डोक्यावर पडलं. आरडाओरडा झाला. कापड बाजूला झालं आणि सगळ्यांनी वर बघितलं… आणि मग आवाज बंद. शंभर माणसं, आणि एक पेला वाजला नाही.

नाखव्यांनी सोफा पायानं सरकवला आणि तिथंच खाली, फळ्यांवर मांडी घातली.

"वैजू," ते म्हणाले. मोठ्यानं नाही. "बघतोय."

वरून बारीक आवाज आला. "नाखवा… हात… हात कळत नाहीये मला…"

"दिसतोय मला तुझा हात. दोरीत आहे. घट्ट आहे. मी बघतोय."

"पडेन मी…"

"मी बघतोय."

यशोधन दोरशिडीपाशी धावला. तोंड कागदासारखं झालं होतं. त्यानं पाय टाकला.

"काय म्हणतात?" नाखवा म्हणाले. नजर वरच.

"नाखवा, आता वेळ आहे का…"

"काय म्हणतात?"

यशोधननं दोरी धरली.

"चढतो," तो म्हणाला.

"बघतोय."

तो चढला. चढतोस झकास, असं मी त्याला म्हटलं होतं ना? त्या दिवशी तो म्हाताऱ्यासारखा चढला. एक पाय, मग थांब. एक हात, मग थांब. दर वेळी खालून नाखव्यांचा आवाज.

"डावी दोरी सैल आहे. सोड ती. उजवी धर."

"वारा येतोय. थांब."

"आता."

मी देवाला काय काय बोललो ते सांगत नाही. नवस बोललो, शिव्याही दिल्या. मी वर बघत होतो आणि मला वाटत होतं, मी डोळे मिटले तर ती पडेल. तेवढंच कळत होतं. डोळ्यांत पाणी आलं तरी पुसायला हात उचलवेना.

यशोधन तिच्यापर्यंत पोचला. तिच्या मागून दोन्ही बाजूंनी दोऱ्या धरल्या. आकडा अडकवायला त्याला तीनदा लागलं. तिसऱ्यांदा अडकला, खट् असा आवाज खाली आला.

कुणीतरी टाळी वाजवली. नाखवा म्हणाले, "गप."

"वैजू, डावा पाय. खाली एक वीत. आहे पायरी, मला दिसते. टेकव."

"दिसत नाही मला…"

"मला दिसते."

तिनं टेकवला.

"आता उजवा."

असे सत्तावीस पाय. मी मोजले. डेकवर आली तेव्हा ती माझ्याकडे आलीच नाही. नाखव्यांसमोर उभी राहिली, दात वाजत होते, आणि म्हणाली, "उतरले."

तेव्हा कुठे नाखव्यांनी डोळे मिटले.

सत्कार वगैरे काही झालं नाही. पाहुणे लाँचमध्ये बसून गेले, कुणी कुणाशी न बोलता. ऊन कलायला लागलं. वैजू माझ्या मांडीत बसून चार चमचे साखरेचा चहा पीत होती. बगलेपासून मनगटापर्यंत दोरीनं सालटं निघालं होतं, हळद लावली होती मी. तिनं मला एकच विचारलं.

"आजोबा, तुम्ही 'बघतोय' म्हणालात ना? मला तुमचा आवाज ऐकू आला होता."

मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. तिनं तो काढला नाही, एवढंच.

यशोधन कोपऱ्यातून स्टूल घेऊन आला. जागेवर ठेवलं. नाखवा बसले. तो समोर फळ्यांवर बसला, खाली मान घालून.

"मला काढून टाका, नाखवा. मी संस्थेला लिहून देतो. सगळं माझ्यामुळे झालं. दोरशिडी उतरवून ठेवतो आजच. पुन्हा कुणाला वर पाठवणार नाही… कधीच नाही. माझे हात बघा. अजून थरथरतायत."

"बघू."

त्यानं हात पुढे केले. नाखव्यांनी ते आपल्या हातात घेतले आणि बराच वेळ तसेच धरून ठेवले. थरथर नाखव्यांच्या कोपरापर्यंत जात होती.

मग ते उठले.

"बस," म्हणाले.

यशोधनला कळलं नाही.

"स्टुलावर बस."

तो बसला. अगदी कडेवर.

नाखव्यांनी खांद्यावरची शाल काढली, घडी घातली आणि माझ्याकडे दिली. चपला काढल्या. डोलकाठीपाशी, जिथं दुपारी निळ्या चपला होत्या तिथंच, नीट जोडून ठेवल्या.

"नाखवा!" मी म्हटलं. "अहो, गुडघा…"

"गप रे बाबल."

नऊ वर्षं ते वर गेले नव्हते. शेवटचे गेले तेव्हा उतरताना गुडघा गेला होता.

यशोधन ताडकन उठला. "नको, नाखवा. पाया पडतो तुमच्या. नको."

"बस."

तो बसला. त्यानं खिशातला मोबाईल काढला, फळ्यांवर पालथा ठेवला. जहाज हळूच कललं. वरच्या दोऱ्या कुरकुरल्या. वैजूनं माझा हात घट्ट धरला.

नाखव्यांनी दोरशिडीला हात लावला.

"चढतो."

यशोधननं वर बघितलं, त्या सगळ्या उंचीकडे. मग नाखव्यांच्या पावलाकडे बघितलं. म्हातारं पाऊल, टाचेला भेगा. वादळात घाबरलेली माणसं मी खूप बघितलीत, खलाशी ढसाढसा रडताना बघितलेत. पण असा घाबरलेला चेहरा मी बघितला नव्हता.

"मला नाही जमायचं," तो म्हणाला. "तुम्हाला काही झालं तर… नाखवा, मी फक्त बघत बसणार. मी काय करू शकणार आहे?"

नाखव्यांनी पाऊल उचललं नाही. दोरी धरून उभे राहिले, वाऱ्यात, पाठमोरे. त्यांना काही घाई दिसत नव्हती.

मग त्यांनी मान वळवली आणि यशोधनकडे बघितलं. पुन्हा तोंड डोलकाठीकडे केलं.

"चढतो," ते म्हणाले.